दौसाच्या पुढचे जैसलमेर

वृत्तपत्राच्या डेस्कवर असताना एक नियम शिकवला गेला. चूक ज्या पानावर छापली, दुरुस्तीही त्याच पानावर आणि शक्य तर त्याच आकाराच्या अक्षरांत छापायची. मुख्य पानावर एखाद्याला दोषी ठरवून आतल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘खेद आहे’ लिहायचे, ही दुरुस्ती नव्हे. हा नियम पुढे नकाशांच्या धंद्यातही उपयोगी पडला. तो कसा पडला, एवढेच इथे लिहायचे आहे.

दोन हजारच्या दशकाचा मध्य होता. जयपूरच्या हिंदी दैनिकातली नोकरी सोडून मी विद्याधर नगरातल्या एका खाजगी नकाशा कंपनीत लागले होते. भूगोलाची पदवी होती आणि दैनिकात निवडणुकांचे, दुष्काळाचे नकाशे मीच करत असे, म्हणून घेतले गेले. घर जयपुरातल्याच मानसरोवर वस्तीत. वडील रेल्वेतून निवृत्त झाले तरी सोलापूरला परतले नाहीत. आईचे सोलापूर मात्र तिच्या बोलण्यात शाबूत होते.

कंपनी एका दुकानांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. खाली कचोरीचे दुकान, वर जुने जाड मॉनिटर, कूलर आणि त्याच्या ओलाव्याने कडेला लाटा आलेले सर्वेक्षणाचे कागदी नकाशे. हे कागदी नकाशे संगणकात उतरवायचे आणि त्यावर शेतात, गावात जाऊन नोंदवलेल्या विहिरी, टाक्या, नळयोजना बसवायच्या, असे काम होते. आमचे तांत्रिक प्रमुख नागपूरचे. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. ऑफिसात सगळ्यांसमोर ते मला ‘मॅडम’ म्हणत आणि हिंदीत बोलत. काही हवे असले की टेबलाजवळ वाकून ‘ताई’ म्हणत आणि मराठीत बोलत. तिथे मराठी समजणारे आम्ही दोघेच. त्यामुळे भर ऑफिसात त्यांच्याजवळ एक बंद खोली होती आणि तिची किल्ली त्यांच्याच खिशात असे.

जयपूरजवळच्या चौमूंच्या कामापासून सुरुवात झाली.

नकाशाच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक फाइलबद्दल एक गोष्ट सांगावी लागते: यातले आकडे पृथ्वीचा कोणता आकार धरून मोजले आहेत आणि ती गोल पृथ्वी सपाट करण्याची कोणती रीत वापरली आहे. या रीतीला प्रक्षेपण म्हणतात. ऑफिसात सगळे प्रोजेक्शन म्हणत. जुने कागदी नकाशे पृथ्वीचा एक जुना आकार धरून काढलेले होते. हातातली जीपीएस यंत्रे नवा आकार धरतात. दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे दिसतात, पण जयपूरच्या परिसरात त्यांच्यात शंभरेक मीटरचा फरक पडतो. तो काढण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये दोन आज्ञा शेजारी-शेजारी असतात. एक आज्ञा फाइलची ओळख लिहिते. दुसरी आकडे खरोखर बदलते. पहिलीने फक्त नावाची पाटी बदलते. घर तिथेच राहते.

चौमूंच्या आसपासच्या गावांच्या सीमा मी कागदी नकाशांवरून उतरवल्या आणि त्यांच्यावर जुन्या आकाराची ओळख लिहिली. आकडे बदलण्याचे काम बाकी होते. तेवढ्यात धाकट्या भावाच्या लग्नासाठी मला सोलापूरला जावे लागले. जाताना मी प्रमुखांना सांगितले की सीमांचे रूपांतर अजून केलेले नाही, आल्यावर करते. ते म्हणाले, “जा हो ताई, बिनधास्त जा. इथं आम्ही काय माशा मारून राहिलो का?”

परत आले तेव्हा काम पोचते झाले होते आणि तक्रारही आली होती. नकाशात गावांच्या सीमा पूर्वेकडे सरकल्या होत्या. त्यामुळे गावाच्या पश्चिम कडेला असलेल्या विहिरी शेजारच्या गावात गेल्या होत्या. एका गावाची एकुलती सार्वजनिक टाकी नकाशात दुसऱ्याच गावाची झाली होती. त्या भागाचे अभियंते बैठकीला आले होते. कंपनीचे मालकही होते. मालक जयपूरचे जुने व्यापारी, बोलायला मऊ, हिशेबाला कडक.

प्रमुख उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, “सर, सीमाएँ मैडम ने बनाई थीं. बीच में छुट्टी चली गईं. मैंने भरोसा कर लिया, इतनी मेरी गलती है.”

मी फाइल अजून उघडलीही नव्हती. न पाहता विधान करायचे नाही, ही डेस्कवरची सवय. मी म्हणाले, “देखकर बताती हूँ.” त्या खोलीत हा कबुलीजबाब ठरला.

बैठकीनंतर फाइल उघडली. आकडे मी ठेवले होते तेच होते, एकही बदललेला नव्हता. ओळख मात्र नवीन लिहिलेली होती. दोन फायलींची ओळख जुळत नसली की सॉफ्टवेअर इशारा देते. तो इशारा घालवण्यासाठी कोणीतरी जुन्या आकड्यांवर नवी पाटी लावली होती. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने आपणहून सांगितले, “सर ने खुद किया था, मैडम. बोले, इतना नखरा कौन झेलेगा.”

मी प्रमुखांच्या टेबलाशी गेले. मराठीत विचारले. त्यांनी नाकारले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

“हो, झालं ना माझ्याच्यानं,” ते म्हणाले. “आता काय फाशी देता का ताई? आपण इथं दोघंच मराठी माणसं. बाहेर कायले काढायचं? मले दोन पोरं आहेत. तुमचं बरं आहे, घरी बाबांची पेन्शन आहे.”

“तुम्ही माझं नाव घेतलंत, सर.”

“घेतलं ना. मीच नीट करतो. सोमवारी मालकांशी बोलतो. शब्द देतो बाप्पा.”

घरी आईला सांगितले. ती भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. “आणि तू तिथं गप उभी राहिलीस? तोंड शिवलं होतं काय गं तुझं?” वडील म्हणाले, सोमवारपर्यंत थांबून बघ. मी थांबले.

सोमवारी सकाळी प्रमुखांनी सगळ्यांना उभे केले. मालक दारात चहाचा ग्लास घेऊन उभे होते. प्रमुख म्हणाले, “आज से एक ही नियम. हर फाइल पर तैंतालीस लगेगा. कोई अपना दिमाग नहीं लगाएगा, कोई सवाल नहीं.” मग माझ्याकडे वळून, हसत: “मैडम, यह खास आपके लिए. आप अखबार से आई हैं. वहाँ छापते हैं. यहाँ नापते हैं.”

सगळे हसले. मालकही हसले आणि म्हणाले, “नियम अच्छा है. एक जैसा काम रहेगा.” त्याच दिवशी मला ग्राहकांच्या कामावरून काढून उंचीच्या रेषा गिरवायला बसवले.

दुपारी प्रमुख टेबलाजवळ वाकले. “ताई, मनावर घेऊ नका. मालकासमोर असं बोलावं लागते.”

त्या दिवशी मला काय हवे आहे ते ठरले. बढती नको होती, माफीही नको होती. चौमूंची चूक कोणाची, हे त्यांनी त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर, हिंदीत सांगायला हवे होते. चूक जिथे छापली तिथेच दुरुस्ती. याला सूड म्हणतात. दुसरा शब्द शोधण्याची गरज नाही.

‘तैंतालीस’, म्हणजे त्रेचाळीस, हे काय ते सांगायला हवे. प्रक्षेपणाची एक प्रचलित रीत पृथ्वीचे उभे पट्टे करते. प्रत्येक पट्ट्याला क्रमांक असतो आणि प्रत्येकात अंतर त्याच्या स्वतःच्या मधल्या रेषेपासून मोजतात. जयपूर त्रेचाळिसाव्या पट्ट्यात येते. पण राजस्थान एका पट्ट्यात मावत नाही. जोधपूरच्या पश्चिमेला एक रेषा जाते, तिच्यापलीकडे जैसलमेर आणि बाडमेरचा बहुतेक भाग बेचाळिसाव्या पट्ट्यात पडतो. विद्याधर नगरात प्रत्येक सेक्टरमध्ये तेच घर क्रमांक पुन्हा येतात. पत्त्यातला सेक्टर चुकला की पोस्टमन बरोबर क्रमांकाच्या भलत्याच दारात उभा राहतो. इथेही तसेच. बेचाळीसच्या आकड्यांवर त्रेचाळीसची पाटी लावली तर अख्खा जिल्हा एक पट्टा पूर्वेला जाऊन बसतो.

प्रमुखांना हे ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. ते हे कधीतरी शिकले असणार. पण त्यांचे सगळे काम जयपूरच्या आसपासचे, आणि तिथे त्रेचाळीसने कधी दगा दिला नाही.

मी नियम पाळला. रेषा गिरवल्या, प्रत्येक फाइलवर त्रेचाळीस लावले, सवाल केला नाही. त्यांना वाटले, गार पडली.

काही महिन्यांनी मोठे काम आले: सगळ्या राज्याच्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्या आणि विहिरी एका नकाशात. बंधारा बांधावा तसे प्रमुख या कामाभोवती उभे राहिले, दुसऱ्या कोणाला हात लावू देईनात. पूर्वेकडचे जिल्हे आधी आले. पश्चिमेकडची माहिती सादरीकरणाच्या आदल्या दिवशी आली. हात कमी पडले तेव्हा ती जोडण्याचे काम माझ्याकडे आले. जैसलमेरच्या पथकाने तक्त्याच्या माथ्यावर पट्टा लिहिला होता: बेचाळीस.

बातमी देण्याआधी समोरच्याची बाजू विचारायची असते. मी उठून प्रमुखांच्या टेबलाशी गेले. तिथे दोन सहकारी उभे होते. मी हिंदीत विचारले, “सर, पश्चिम के जिलों पर भी तैंतालीस ही लगाना है?”

त्यांनी मॉनिटरवरून नजर न काढता उत्तर दिले, “मैडम, नियम समझ में नहीं आया था क्या? सब पर मतलब सब पर.”

दोघे हसले. त्यांची बाजू विचारून झाली होती.

जागेवर येऊन त्रेचाळीस लावले. पडद्यावर जैसलमेर शहराच्या टाक्या जयपूर ओलांडून, आग्र्याच्या वाटेवरचे दौसा ओलांडून, पुढे जाऊन बसल्या. सीमेजवळच्या काही विहिरी जयपूरला लागून असलेल्या आमेरच्या आसपास पडल्या. पूर्वेकडे आधीच इतके ठिपके होते की नवे त्यांच्यात मिसळून गेले. पश्चिम रिकामी राहिली. मी फाइल जतन केली, बंद केली आणि डबा खायला गेले. वांग्याची भाजी होती. चांगली झाली होती.

संध्याकाळी रंगीत तालीम झाली. मालकांनी पडद्याच्या डाव्या बाजूला बोट दाखवले. “इधर इतना खाली क्यों है भाईसाब?”

“सर, उधर रेगिस्तान है,” प्रमुख म्हणाले. “पानी ही नहीं, तो टंकी कहाँ से होगी?”

मालकांनी मान हलवली. मी खुर्च्या मोजत होते. कोणी मला काही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी तीच खोली. जिल्ह्या-जिल्ह्यांचे अभियंते आले होते, त्यांत चौमूंकडचेही होते, तेच, टाकीची तक्रार घेऊन आलेले. प्रमुखांनी जयपूर दाखवले, चौमूं दाखवले. ठिपक्यावर टिचकी मारली की टाकीची माहिती उघडत होती. वाहवा झाली. मग मागच्या रांगेतून एक धिप्पाड, भरघोस मिशांचे अभियंते उभे राहिले. तिकडच्या रीतीप्रमाणे ते ‘साहेब’च्या जागी ‘हुकम’ म्हणत.

“हुकम, जरा मेरा जिला दिखाइए. जैसलमेर.”

प्रमुखांनी नकाशा पश्चिमेला सरकवला. जिल्ह्याची सीमा होती. आत काही नव्हते.

“सर, आपके यहाँ तो रेगिस्तान...”

“रेगिस्तान में ही टंकी लगती है, हुकम. नदी किनारे कौन लगाएगा? सब की सब मैंने खुद गिनवाई हैं.” काही लोक हसले. “आप शहर का नाम डालकर ढूँढिए.”

प्रमुखांनी जैसलमेर टाइप केले. नकाशा उजवीकडे धावला. जोधपूर गेले, अजमेर गेले, जयपूर गेले, दौसा गेले, आणि पलीकडच्या एका रस्त्यालगत ठिपके लुकलुकू लागले.

मग जैसलमेरचे अभियंते म्हणाले, “हमें आगरा ले जा रहे हैं क्या? ताजमहल दिखाने?”

सगळी खोली हसली. हसण्यात चौमूंकडच्या अभियंत्यांचा आवाज सर्वांत मोठा होता. मालक हसत नव्हते.

प्रमुखांनी पुन्हा ओळख लिहिण्याची खिडकी उघडली, काहीतरी निवडले, रद्द केले, पुन्हा उघडले. कानशिलावर घाम आला होता. मी पडद्याच्या बाजूला, त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. ते माझ्याकडे झुकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “ताई, काय करून राहिल्या उभ्या? वाचवा ना. सांगा ना पटकन.”

मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “सर, हिंदी में पूछिए. मीटिंग हिंदी में चल रही है.”

त्यांचा चेहरा मी नीट पाहिला. तो मला अजून आठवतो आणि आठवायला आवडतो.

मालकांनी विचारले, “क्या कह रहे हैं ये?”

“सर पूछ रहे हैं कि यह ठीक कैसे होगा.”

“होगा?”

“होगा. पहले सर को बताना पड़ेगा कि आँकड़े किस पट्टी के थे और उन पर लिखा क्या गया.”

मालक प्रमुखांकडे वळले. “बताइए.”

“बयालीस के थे,” प्रमुख म्हणाले. ते त्यांना आत्ता, तक्त्याचा माथा वाचून कळले होते. “लिखा तैंतालीस गया.”

“क्यों?”

प्रमुखांनी माझ्याकडे बोट केले नाही. करता आले नसते. तो नियम त्यांनी याच खोलीत सगळ्यांना उभे करून सांगितला होता आणि मालक दारात चहा पीत होते. आदल्या दिवशीचे ते दोन सहकारीही समोरच बसले होते, माना खाली घालून.

“नियम था, सर,” ते म्हणाले.

“नियम तो आपका था.”

“जी.”

मालकांनी मला संगणकाकडे जायची खूण केली. मी बसले. त्रेचाळीसची पाटी काढून बेचाळीसची लावली, ही खरी ओळख. मग दुसरी आज्ञा दिली, आकडे बदलण्याची. सगळ्या राज्यासाठी मी पट्टा निवडला नाही. पट्टा राज्याला दोन्हीकडून पुरत नाही. मी शंकूची रीत निवडली. यात पृथ्वीवर शंकूची टोपी बसवल्याचे मानतात, आणि ती जिथून पृथ्वीला छेदते त्या दोन आडव्या रेषा आपण निवडायच्या असतात. एक राज्याच्या दक्षिण भागातून घेतली, एक उत्तर भागातून. हे सगळे करताना मी काय करते आहे ते हिंदीत, एकेक वाक्य करून, सांगत गेले. ठिपके दौसापलीकडून उठले आणि वाळवंटात जाऊन बसले.

“पधारो,” जैसलमेरचे अभियंते आपल्याच जिल्ह्याला उद्देशून म्हणाले.

मी खुर्चीवरून उठले नाही. मालक पडद्याकडे पाहत होते. हिशेबाचा माणूस आकड्यावरून आकड्यावर जातो, हे मी गृहीत धरले होते, आणि ते चुकले नाही. त्यांनी चौमूंकडच्या अभियंत्यांकडे एकदा पाहिले आणि मला विचारले, “मैडमजी, तो चौमूं में क्या हुआ था?”

“सर बताएँगे,” मी म्हणाले.

प्रमुख मला मराठीत काहीतरी बोलायला लागले. पहिलाच शब्द ‘ताई’ होता. मग आपणच थांबले.

“वहाँ भी यही हुआ था, सर,” ते हिंदीत म्हणाले. “आँकड़े पुराने थे. ऊपर नया लिख दिया.”

“किसने?”

“मैंने. मैडम छुट्टी पर थीं. उन्होंने बोलकर भी गई थीं कि बाकी है.”

वाक्य व्याकरणात अडखळले. मी ते तसेच लिहिते आहे, कारण ते तसेच बोलले गेले. मालक ‘हूँ’ म्हणाले आणि चहा मागवला. चौमूंकडच्या अभियंत्यांपैकी एक जण चहा घेताना माझ्याजवळ येऊन म्हणाला, “हम तो इतने महीने आपको कोसते रहे.” मी म्हणाले, माहीत आहे.

संध्याकाळी घरी आईला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “सगळ्यांसमोर म्हणाला ना?” मी हो म्हणाले. “मग बरं झालं. ताट घे.”

त्रेचाळीसचा नियम गेला. पश्चिमेचे काम माझ्याकडे आले. प्रमुखांची नोकरी गेली नाही. त्यासाठी मी काही केलेही नव्हते. पण टेबलाजवळ वाकून ‘ताई’ म्हणणे थांबले. कामाचे बोलणे हिंदीत होई. नंतर ते दुसऱ्या कंपनीत गेले.

एक-दोन वर्षांनी जयपुरातल्या मराठी मंडळींच्या संक्रांतीला भेट झाली. गच्चीवर पतंगांचा गोंगाट होता, खाली तिळगुळाची ताटे फिरत होती. ते पत्नीसह समोर आले. वजन वाढले होते. तिळगूळ पुढे करून म्हणाले, “ताई, अजून राग धरून राहिल्या का? झालं ते झालं ना बाप्पा.”

मी तिळगूळ घेतला. “धन्यवाद, सर. आप कैसे हैं? बच्चे ठीक हैं?”

त्यांच्या पत्नीला काही ठाऊक नव्हते. ती मोकळेपणाने हसली आणि त्यांना म्हणाली, “अगंबाई, यांना मराठी येत नाही वाटते!”

ते ताटाकडे पाहत होते.

“येते,” ते म्हणाले.